कितींपैकी किती?

गावात वा पेठेत एखाद्या रोगाची साथ उद्भवली, किंवा अमुक पदार्थाच्या सेवनाने हृदयविकाराचा धोका इतक्या टक्क्यांनी वाढतो असे संशोधकांना आढळल्याची वार्ता वर्तमानपत्रात आली, म्हणजे सुशिक्षित गृहस्थाच्याही मनात जो संभ्रम उत्पन्न होतो, त्याचे खापर त्याच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे होईल. कारण ती वार्ता ज्या रूपाने त्याच्या हाती पडते, त्या रूपात तिच्यातील अर्धा हिशेब बहुधा गळालेला असतो. किती माणसे आजारी पडली हे ठळक अक्षरांत छापलेले असते. कितींपैकी पडली, आणि जी पडली नाहीत ती शेजारची माणसे काय खात-पीत होती, याचा पत्ता लागत नाही. अपूर्णांकातील अंश तेवढा हाती येतो, छेद येत नाही. आणि छेदावाचून अंशाला अर्थ नसतो ही चौथीच्या मुलासही ठाऊक असलेली गोष्ट आपण मोठी माणसे आरोग्याच्या बाबतीत विसरून जातो. हा छेद वाचकाने स्वतः कसा मागावा, आणि तो मिळाल्यावर आपल्या घरचे पाणी, ताट आणि प्रकृती यांविषयी काय निश्चय करावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या हिशेबाचे सर्वांत सुबोध उदाहरण मला लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ साली केलेल्या तपासात दिसते. पटकी दूषित हवेतून पसरते असा त्या काळी वैद्यकातील थोरामोठ्यांचाही दृढ समज होता. स्नो यांचा संशय पाण्यावर होता. थेम्स नदीच्या दक्षिणेकडील वस्तीला दोन खाजगी कंपन्या पाणी पुरवीत. पैकी सदर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराची घाण जेथे नदीत मिसळे तेथलेच, बॅटर्सीजवळचे, पाणी उचली. लॅम्बेथ कंपनीने मात्र १८५२ मध्येच आपला उपसा शहराच्या वरच्या अंगास, थेम्स डिटन येथे, हलवला होता. दोघींचे नळ कित्येक ठिकाणी एकाच रस्त्याने, एकाच गल्लीतून गेलेले, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत दोन निराळ्या कंपन्यांचे पाणी. हवा तीच, धंदे तेच, सांपत्तिक स्थितीही तीच. भेद तो केवळ पाण्याचा. पटकीने ज्या घरी मृत्यू झाला त्या घराच्या दारात स्नो जाऊन उभे राहत आणि पाणी कोणाचे म्हणून विचारीत. पाणीपट्टी पुष्कळदा घरमालक भरीत असल्यामुळे भाडेकऱ्याला ते सांगता येत नसे. तेव्हा ते त्या घरचे पाणी कुपीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट घालीत, आणि पांढरा साका किती दाट बसतो यावरून पाण्यातील मिठाचे प्रमाण, व त्यावरून कंपनी, ओळखीत.

आता या खटाटोपाचा हिशेब पाहावा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत १,२६३ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या घरांत ९८, आणि उर्वरित लंडनमध्ये १,४२२. केवळ एवढेच आकडे कोणी छापले असते, तर वाचणाऱ्याने सर्वांत मोठी संख्या उर्वरित लंडनची पाहून दक्षिणेकडील पाण्यास निर्दोष ठरवले असते. परंतु स्नो यांनी प्रत्येक मृत्युसंख्येखाली घरांची संख्या मांडली: पहिल्या कंपनीची घरे ४०,०४६, दुसरीची २६,१०७, आणि उर्वरित लंडनची २,५६,४२३. दर १०,००० घरांमागे मृत्यू काढल्याबरोबर चित्र पालटले. सदर्क अँड व्हॉक्सहॉलकडे ३१५, लॅम्बेथकडे ३७, आणि उर्वरित शहरात साठाच्याही आत. पटकीचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध होऊन जगन्मान्य होण्यास अजून कित्येक वर्षांचा अवकाश असताना, एका भागाकाराने या वैद्याने गुन्हेगार दाखवून दिला.

याच स्नो यांची ब्रॉड स्ट्रीटवरील हातपंपाची कथा अधिक प्रसिद्ध आहे: तेथील पटकीचे मूळ त्या पंपाच्या पाण्यात असल्याचे त्यांनी दाखवले, आणि पंपाचा दांडा काढला गेला. पण ती सांगणारे बहुधा एक गोष्ट सांगत नाहीत. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर रोजी काढण्यात आला, तेव्हा रहिवासी भीतीने पळून गेल्यामुळे साथ आधीच ओसरू लागली होती, आणि हे स्वतः स्नो यांनीच प्रामाणिकपणे नमूद करून ठेवले आहे. साथीच्या दिवसांत एखाद्या काढ्याचा, धुरीचा वा गोळीचा महिमा ऐकून आपण भारावून जातो, त्या वेळी या कबुलीचे स्मरण ठेवावे. उपायानंतर साथ ओसरली एवढ्यावरून ती उपायामुळे ओसरली असे ठरत नाही. ज्यांनी तो उपाय केला नाही त्यांच्याकडे काय झाले, हे विचारल्याखेरीज निकाल देता येत नाही.

हाच हिशेब आता आपल्याकडील एका साथीस लावून पाहावा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण झपाट्याने आढळू लागले, आणि त्यांची संख्या पुढे २०० च्या वर गेली. जीबीएस हे नाव तोपर्यंत बहुतेकांनी ऐकलेही नव्हते, त्यामुळे घबराट स्वाभाविक होती. येथे छेद दोन्ही बाजूंनी बोलतो. हा विकार जगभर दर लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी एखाद-दोघांना होतोच. म्हणून लक्षावधी वस्तीच्या शहरात वर्षभरात विखुरलेले काही रुग्ण आढळले असते तर त्यात वावगे नव्हते. पण तेवढे रुग्ण काही आठवड्यांत, आणि तेही बव्हंशी शहराच्या एकाच अंगास आढळले, यावरून ही साथ आहे, आणि तिचे मूळ त्या भागातील एखाद्या सामायिक गोष्टीत असावे, हे उघड होते. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातून पोटात जातो. त्याचबरोबर हेही खरे, की या जंतूने पोट बिघडलेल्या हजार जणांपैकी सुमारे एकालाच पुढे जीबीएस होतो. म्हणून ज्याला जुलाब झाले त्याने मृत्यूच्या भीतीने गलितगात्र होण्याचे कारण नव्हते, आणि ज्या प्रशासनाकडे पाण्याची जबाबदारी होती त्याला निष्काळजी राहण्याची सवड नव्हती.

अशा वेळी गृहस्थाने काय करावे? पाणी नळाचे, विहिरीचे वा टँकरचे असो, त्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे व झाकून गार करावे. तुरटी फिरवल्याने वा कापडाने गाळल्याने गढूळपणा जातो, जंतू मरत नाहीत. कोंबडीचे मांस नळाखाली धरून धुण्याची आपल्याकडील सर्वमान्य रीत सोडून द्यावी, कारण त्या शिंतोड्यांनी मोरी, ओटा आणि शेजारी ठेवलेली कोथिंबीर यांवर जंतू पसरतात. ते नीट शिजवणे हीच त्याची शुद्धी. त्यासाठी वापरलेली सुरी वा विळी साबणाने धुतल्याखेरीज कोशिंबिरीला लावू नये. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे, आणि मिठाचे माप कधीही वाढवू नये. हा इलाज क्षुल्लक समजणाऱ्यांनी बांगलादेशच्या मुक्तियुद्धाचा काळ आठवावा: १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांतून वाटले, आणि पटकीने दर शंभरांमागे ३० पर्यंत होणारे मृत्यू चारांच्याही आत आले. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना गुडघे साथ देईनासे झाले, किंवा गिळणे व श्वास घेणे जड वाटू लागले, तर मात्र उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

साथ आठवड्यांत येते आणि जाते, हृदयविकार दशकानुदशके घरात वावरत असतो; म्हणून त्याचा छेद मांडण्यासही तसाच दीर्घ उद्योग लागला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम नावाचे गाव आहे. तेथे १९४८ साली ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून, रोग होण्यापूर्वीच त्यांचा रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपानादी सवयी यांची टिपणे ठेवण्यास प्रारंभ झाला, आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी होत राहिली. हृदयविकार हा वार्धक्याचा वा दैवाचा खेळ नसून त्याची चाहूल मोजता येते, हे वैद्यकास या गावाने शिकवले.

परंतु अशा निरीक्षणातही फसगत कशी होऊ शकते, हे मला लंडनच्या बससेवेच्या तपासावरून अधिक चांगले उमगले. डॉ. जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली असे प्रसिद्ध केले की, दुमजली बसच्या चालकांपेक्षा वाहकांना हृदयविकार कमी होतो. चालक दिवसभर बसून असतो, तर वाहक दिवसातून शेकडो पायऱ्या चढतो-उतरतो. निष्कर्ष मनास पटणारा होता. तरीही मॉरिस तेथे थांबले नाहीत. बसकंपनीच्या दप्तरात गणवेशांची मापे नोंदलेली होती. ती काढून पाहता असे दिसले की चालकांच्या विजारीची कंबर तरुण वयापासूनच वाहकांहून मोठी होती. अर्थात, काही अंशी धंद्यामुळे प्रकृतीत फरक पडला, आणि काही अंशी निराळ्या प्रकृतीची माणसेच निराळ्या धंद्यात शिरली. हे त्यांनी १९५६ मध्ये स्वतःच छापले. चालण्या-चढण्याने हृदयाचे रक्षण होते हा सिद्धांत पुढील कित्येक तपासांनी पक्का केला, पण स्वतःच्याच शोधाची अशी उलटतपासणी करणाऱ्या माणसाविषयी मला जो आदर वाटतो, तो कोणत्याही मोठ्या आकड्याने वाटला नसता. वाचकानेही प्रत्येक बातमीस हाच प्रश्न विचारावा: ज्या दोन गटांची तुलना केली, ते आरंभापासूनच एकमेकांहून भिन्न नव्हते ना?

आपल्या देशाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपास ५२ देशांत झाला. इंटरहार्ट या नावाने तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यात हृदयविकाराचा पहिला झटका आलेली सुमारे १५,००० माणसे आणि झटका न आलेली जवळजवळ तितकीच माणसे यांची तुलना होती. तंबाखू, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाची स्थूलता, मनावरील ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानासंबंधीची सवय, एवढ्या नऊ गोष्टींनी नव्वद टक्क्यांच्या आसपास धोक्याचा उलगडा झाला. त्यातूनच पुढे असे दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५९ च्या सुमारास. आपल्या घरांसाठी याहून कटू सत्य दुसरे नाही. कारण त्या वयात मुलांची शिक्षणे अपुरी असतात आणि घराचे कर्ज फिटलेले नसते. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: तंबाखू केवळ चघळणाऱ्यांतही हा धोका सुमारे दुप्पट आढळला. विडी ओढत नाही, फक्त चिमूटभर मळून दाढेखाली ठेवतो, असे समाधान मानणाऱ्या आपल्या घरच्या मंडळींपुढे हा दाखला आग्रहाने ठेवावा.

'दुप्पट' या शब्दाची मात्र प्रत्येक वेळी शहानिशा करावी. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५ मध्ये, नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गाठ होण्याचा धोका दुप्पट होतो, असा इशारा देण्यात आला. मूळ आकडा होता ७,००० स्त्रियांत एक. दुप्पट म्हणजे ७,००० त दोन. हे न कळल्यामुळे असंख्य स्त्रियांनी गोळ्या अकस्मात बंद केल्या, पुढील वर्षी गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली, आणि गर्भारपणात गाठ होण्याचा धोका तर गोळीहूनही अधिक असतो. तंबाखूच्या बाबतीत दुप्पट भयंकर आहे, कारण हृदयविकार मुळातच सर्रास होणारा आहे. दुर्मिळ गोष्ट दुप्पट झाली तरी दुर्मिळच राहते.

आहाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांची, गर्भधारणेपूर्वीपासून, नोंद ठेवली. शेतात राबणाऱ्या, कृश, अल्प आहाराच्या या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या जवळपास भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलोच्या. त्यातही आपल्या बाळांचे स्नायू उणे, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला सडसडीत पण अंगात चरबी अधिक, ही आपल्या शरीराची ठेवण, आणि तिच्यातून उद्भवणारा मधुमेह, यांचा आरंभ कोठे होतो याचा माग येथे लागला. याच स्त्रियांत असेही आढळले की गर्भारपणी पालेभाज्या, दूध व फळे अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अधिक भरीव होती. नुसत्या उष्मांकांच्या बेरजेशी बाळाच्या वजनाचा असा संबंध दिसला नाही.

येथे एखादा उतावळा लेखक 'पालेभाजी खा, बाळाचे वजन वाढवा' असे लिहून मोकळा झाला असता. संशोधकांनी तसे केले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ६,००० हून अधिक स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून, एका गटाला पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ, आणि दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा तसाच खाऊ, गर्भधारणेपूर्वीपासून दररोज देण्यात आला. २०१४ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यात सर्व स्त्रिया एकत्र धरल्या असता जन्मवजनात ठामपणे म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाऊ खाल्ला त्यांच्या बाळांचे वजन मात्र थोडे वाढलेले होते, आणि गर्भारपणातील मधुमेह त्या खाऊच्या गटात स्पष्टपणे कमी आढळला. यावरून सुनेच्या वा लेकीच्या आहाराकडे डोहाळे लागल्यावर लक्ष देण्यापेक्षा लग्नानंतर, किंबहुना त्याही आधीपासून, द्यावे. मेथी, पालक, अंबाडी, शेवगा, जे परसात वा मंडईत मिळेल ते रोजच्या जेवणात असावे, आणि घरातील शेवटच्या पंक्तीला बसणाऱ्या बाईच्या पानात ते उरलेले असावे याची दक्षता घरातील कर्त्या माणसांनी घ्यावी. भाजीऐवजी गोळी चालेल काय, या प्रश्नास फिनलंडच्या तपासाने १९९४ मध्ये गंभीर उत्तर दिले आहे: भाज्यांतील बीटा-कॅरोटीन गोळीच्या रूपाने २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत तपासले, तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी अठरा टक्क्यांनी वाढला. लोहाची वा अन्य गोळी वैद्याने दिली असेल तर अवश्य घ्यावी. जाहिरातीवरून घेऊ नये.

आता घरच्या घरी करावयाचे दोन-तीन हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने मिठाची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅम ठरवली आहे. पण स्वयंपाकघरात चिमूट-चिमूट कोण मोजणार? म्हणून महिन्याचा हिशेब करावा. घरात चार प्रौढ माणसे असतील तर महिन्याला ६०० ग्रॅम मीठ पुरले पाहिजे. लोणच्याच्या बरणीत वा इतर कामी गेलेले वजा जाता एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जात आहे, आणि बाहेरून आणलेले फरसाण, पापड व पाव यांतले मीठ त्यात धरलेलेच नाही. कंबर मोजताना फीत सर्वांत खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध ठेवून, श्वास सोडून मोजावी. आपल्याकडील पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन काट्यावर बरोबर भरत असले तरी रक्तातील साखर तपासून घ्यावी. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य करून, पाठ टेकून व पावले जमिनीस लावून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीस असावा, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावा. वेगवेगळ्या दिवशी तो १४०/९० वा त्याहून वर राहत असेल, तर काही त्रास होत नाही या सबबीवर वैद्याकडे जाण्याचे टाळू नये. औषध सुरू झाल्यावर बरे वाटते म्हणून ते स्वतःच्या मताने थांबवू नये. चालणे आठवड्यास किमान १५० मिनिटे, आणि तेही भरभर, श्वास किंचित वाढेल असे.

आणखी एक विनंती. आशाताई किंवा महापालिकेची माणसे सर्वेक्षणासाठी दारी येतात, तेव्हा आमच्याकडे कोणी आजारी नाही म्हणून त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवण्याची वाईट सवय आपल्या वस्त्यांत, विशेषतः पांढरपेशा सोसायट्यांत, जडली आहे. ती सोडावी, कारण निरोगी घराची माहिती नसेल तर आजारी घराची तुलना कोणाशी करावयाची? घरात माणसे किती, पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे, टाकी कधी धुतली, गेल्या पंधरवड्यात कोणास जुलाब वा ताप झाला होता काय, बाहेरचे काय व कोठे खाल्ले, हे त्यांना शांतपणे व खरे सांगावे. आठवत नसेल ते आठवत नाही असे सांगावे, अंदाजाने भरू नये. सोसायटीच्या रखवालदारासही तशी सूचना देऊन ठेवावी, म्हणजे त्यांना फाटकापाशी अडवले जाणार नाही.